दुसरी बाजू

...आणि वर हेच लोक तेव्हा विचारायचे, हल्ली विद्याधर जिन्यात दिसत नाही तो! अहो, दिसेल कसा? कुठल्या तोंडानं दिसेल? नाही, तुम्हीच सांगा, एका माणसानं दुसऱ्या माणसाला एक नाटक ऐका म्हणून सांगितलं, साधं रेडिओवरचं नाटक, त्यात ना कुणाला शिवी ना कुणाच्या बापाचा उद्धार, तर तेवढ्यावरून त्यानं स्वतःच्याच बिल्डिंगमध्ये पलीकडच्या जिन्यानं चढायचं, चपला हातात घेऊन गॅलरीतनं यायचं आणि स्वतःच्याच घराचं दार चोरासारखं ढकलायचं, हा काय न्याय झाला? तुम्हाला सांगतो, मी शेजारी आहे त्याचा, भिंतीला भिंत, आणि माझं मत विचाराल तर चूक झाली. चूक त्याचीच झाली. पण चूक आणि गुन्हा यात काही फरक आहे की नाही?

आता विद्याधर म्हणजे कोण, तर आमच्या मरोळच्या वसाहतीतला दुसऱ्या मजल्यावरचा. पस्तिशीचा. गोरेगावच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कंपनीत ड्रॉइंग काढतो, यंत्राच्या सुट्या भागांची. सरळ माणूस, सिगरेट नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. बायको क्षमा, शाळेत शिकवते. म्हणजे सगळं झकास! पण देव एक खोड देतोच हो प्रत्येकाला. याची खोड म्हणजे श्रुतिका. बरं, कौटुंबिक श्रुतिका असत्या तर कुणाचं काय जात होतं? याला लागायच्या भयानक! आणि भयानक म्हणजे भुताखेतांच्यासुद्धा नाहीत. पिंपळावरचं भूत याला चालत नाही, गावंढळ वाटतं! याचं भूत प्रयोगशाळेत पाहिजे. विज्ञानाचं भूत! कुठल्यातरी केंद्रावर, कुठल्यातरी आडवेळी, शेतकी सल्ला संपल्यावर आणि शोकसंगीत लागायच्या आधी म्हणा ना, एखादी श्रुतिका लागायची, लिहिणारा कुणी शाळामास्तर, ज्याचं नाव निवेदिकेलासुद्धा धड वाचता येत नाही... आणि विद्याधर टू-इन-वनला कान लावून, बटणावर बोट ठेवून, श्वास रोखून ती टेप करत बसलेला!

एक होती 'बर्फाखालचे'. दक्षिण ध्रुवावर शास्त्रज्ञ बर्फाला ठोकून बघतात, किती जाड आहे ते, आणि खालून कुणीतरी उलट ठोकतं. एक 'तळघरातलं रोप', त्यात रोपाला रेडिओ ऐकवून ऐकवून ते बोलायला लागतं, पण फक्त बातम्यांच्या आवाजात. विद्याधर म्हणायचा, "यार, अशी चीज जगात कुणाला माहीत नाही. जे प्रसिद्ध आहे ते सगळे ऐकतात रे, हे कुणी ऐकलंय? तू ऐक. ऐकच!" भेटेल त्याला सांगायचा. दूधवाल्याला सांगायचा. पण ऐकणार कोण?

कारण तुम्ही काळ बघा ना कुठला! नुकतेच घरोघरी टीव्ही आलेले. ज्याच्या घरी टीव्ही नाही तो ज्याच्या घरी आहे त्याच्या दारात चपला काढून बसलेला. रविवारी सकाळी आमच्या वसाहतीत कावळासुद्धा ओरडत नसे, तोही कुणाच्यातरी खिडकीत बसून मालिका बघत असणार! आणि त्या दिवसांत हा गृहस्थ कॅसेट हातात घेऊन दारोदार हिंडतोय, "नुसतं ऐकायचंय हो, डोळे मिटून!" डोळे मिटायला सवड कुणाला होती?

त्याच्या ऑफिसातला चंद्रप्रकाश. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसायचा. बस गोरेगावहून यायची, आरे कॉलनीच्या झाडीतनं. विद्याधरनं त्या झाडीतच गाठला त्याला, आणि 'तळघरातलं रोप' पहिल्यापासून शेवटपर्यंत, आवाज काढून ऐकवलं. "नमस्कार... मी... वाढतो... आहे." दुसऱ्या दिवसापासून चंद्रप्रकाश बसमध्ये नाही! अंधेरीला उतरून वळसा घालून येतो. विचारलं तर म्हणाला, "यार विद्या, तुझी गोष्ट चांगली होती, पण आता मला त्या झाडांतून जाववत नाही ना!"

शिवाय त्या टेपा कसल्या, तर घरात केलेल्या. आमच्या घरात किती शांतता असते तुम्हाला माहीतच आहे. ऐन रंगात शास्त्रज्ञ कापऱ्या आवाजात म्हणतो, "प्रोफेसर, ते... ते आत आलंय!" आणि मागून क्षमावहिनी, "अहो, दूध गेलं उतू!" ऐकणारा हसला की विद्याधरचा चेहरा असा काही पडायचा... जसं काही ते दूध त्याच्याच काळजातनं उतू गेलंय.

तर असा माणूस, अशी त्याची गत, पण ऐकणार कोण? एकच. अख्ख्या मुंबईत एकच. गुणाजीकाका.

गुणाजीकाका आमच्या मजल्यावर शेवटच्या खोलीत. मूळचे मालवणकडचे, जन्म गिरणीत गेला, संपात गिरणी गेली आणि मग इकडे मरोळला एका कारखान्यात गेटवर बसायचे. बोलणं कमी. संध्याकाळी गॅलरीत लोखंडी खुर्ची टाकून बसायचे, विद्याधर ऑफिसातनं आला की टू-इन-वन घेऊन कठड्याशी, आणि मग चालू! काका डोळे मिटून, दोन्ही हात मांडीवर, अगदी देवळात बसल्यासारखे. हलायचे नाहीत. टेप संपली की डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "बरां हा." बस्स, एवढंच. पण त्या दोन शब्दांवर विद्याधर आठवडा काढायचा हो! क्षमावहिनीला सांगायचा, "बघ, माणूस जास्त शिकला नसेल, पण कान आहे. कान! एकच खरा श्रोता आहे मला."

आणि एक दिवस हा श्रोता गेला. कामावरच गेला, बसल्या खुर्चीत. छातीत कळ आली म्हणाले आणि संपलं.

सगळी बिल्डिंग धावली. कुणी भाकरी-भाजी केली, कुणी गावाला तार केली, कुणी सांताक्रूझला जाऊन त्यांच्या मुलीला, सुगंधाला, घेऊन आलं. विद्याधर काय करत होता? दारात उभा होता. जो माणूस परग्रहावरच्या प्राण्याचे पाच तऱ्हेचे आवाज काढायचा, त्याला त्या घरात एक शब्द सुचला नाही. काकांच्या बायको, नलिनीकाकी, समोर बसलेल्या, आणि हा म्हणतो काय, तर, "काकी... काही लागलं तर सांगा." म्हणून घरी आला आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडला. भिंतीला भिंत आहे, म्हणून मला माहीत.

दिवस झाले, तेरावं झालं, माणसं पांगली. सुगंधा तेवढी राहिली आईजवळ. घर गप्प. काकी टीव्ही लावू देईनात, रेडिओ लावू देईनात. आणि एका रविवारी दुपारी काकींनी स्वतः हाक मारली विद्याधरला. म्हणाल्या, "झिला, तू ह्यांका गॅलरीत काय ता लावून दाखवायचंस रे? ताच लाव जरा. घर कसा गप झाला हा."

आता बघा हं. आता नीट ऐका, कारण इथंच वाट लागली. एखाद्या शहाण्या माणसानं काय केलं असतं? भजनाची कॅसेट मागून आणली असती. पण आयुष्यात पहिल्यांदा, तुम्हाला सांगतो, पहिल्यांदा कुणीतरी आपणहून विद्याधरकडे श्रुतिका मागितली होती! धावत घरी. कपाट उघडलं. 'बर्फाखालचे' नको, काकी घाबरतील. 'रोप' नको, काकींच्या गॅलरीत तुळस आहे. मग... हां! 'माझा आवाज पोचतोय का?' ही बेस्ट! यात राक्षस नाही, किंकाळ्या नाहीत. तो स्वतःशीच म्हणाला, ही तर नवरा-बायकोच्या प्रेमाची गोष्ट आहे!

होती. प्रेमाचीच होती. फक्त नवरा मेलेला होता.

तुम्ही म्हणाल, माणसाला एवढं आठवू नये? अहो, हे रसिक लोक असेच! त्याला त्या श्रुतिकेतला वाऱ्याचा आवाज आठवत होता, रेडिओच्या खरखरीतून नवऱ्याचा आवाज कसा हळूहळू वर काढलाय ते आठवत होतं, कुठं किती क्षण शांतता ठेवलीय ते पाठ होतं. गोष्ट काय आहे, हेच विसरला होता! आपण नाही का, लग्नातली पंगत आठवतो आणि नवरीचं नाव विसरतो?

तर बसले सगळे. काकी भिंतीला टेकून, टू-इन-वन त्यांच्या मांडीजवळ, त्यावर त्यांचा हात. सुगंधा चहा घेऊन आली. क्षमावहिनी. मीही होतो, दाराशी. विद्याधर ऐटीत म्हणाला, "काकी, घाबरू नका, यात भीतीचं काही नाही. एकदम कौटुंबिक!" आणि लावली टेप.

वारा सुटला. एक बाई बोलायला लागली. तिचा नवरा अंतराळयानातून गेलाय आणि यान हरवलंय. लोक भेटायला येतायत. एक बाई म्हणते, "धीर धरा." दुसरी म्हणते, "त्यांना वेदना झाल्या नसतील." तेव्हा विद्याधरच्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी हललं... त्यानं क्षमावहिनींकडे बघितलं. वहिनी त्याच्याकडेच बघत होत्या. कशा, ते विचारू नका.

टेपमधली बाई नवऱ्याचे कपडे घडी करून ठेवते. सुगंधानं कप खाली ठेवला. विद्याधर पुढे सरकला. थांबवायचं तर बटण काकींच्या हाताखाली! हात कसा सरकवणार? "काकी, जरा..." म्हणाला, तर काकींनी बोट ओठावर ठेवलं. गप! आणि तेवढ्यात त्या खरखरीतून तो आवाज आला, अगदी विद्याधरला आवडायचा तसाच, हळूहळू वर येत... "माझा आवाज... पोचतोय का? मी आलोय. दार उघड गं. बाहेर फार थंडी आहे."

आणि टेपमध्ये दारावर टकटक झाली.

काय सांगू तुम्हाला! आम्ही सगळ्यांनी काकींच्या दाराकडे बघितलं. मी दारातच उभा होतो, तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं! मीसुद्धा मागे वळून बघितलं! आणि खटकन आवाज झाला... कॅसेटची एक बाजू संपली.

मग सुगंधा उठली. शांतपणे बोलली हो, ओरडली असती तर बरं झालं असतं. "विद्यादादा, माझा बाप जाऊन किती दिवस झाले? तुमच्या घरी कुणी गेलं असतं तर असली मस्करी केली असती तुम्ही?"

मस्करी! त्या माणसानं आयुष्यात ज्याची कधी मस्करी केली नाही, त्यालाच ती मस्करी म्हणाली. विद्याधर उभा राहिला, खाली बसला, परत उभा राहिला. "नाही... सुगंधा... मला वाटलं... ध्वनिसंयोजन..." ध्वनिसंयोजन! त्या प्रसंगी हा शब्द निघाला त्याच्या तोंडून! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटतं ना माणसाला? पण आम्ही दुसऱ्या मजल्यावर, खाली पाटणकरांची खोली.

आणि काकी? काकी इतका वेळ त्या टू-इन-वनकडे बघत होत्या. हात तसाच. म्हणाल्या, "दुसरी बाजू लाव."

"आई!" सुगंधा म्हणाली.

"लाव रे. पुढे काय जाता ता बघूया."

आता पुढे काय होतं, ते विद्याधरला एकदम, लख्ख, सगळं आठवलं. आणि तो ऐन मे महिन्यात गार पडला. कारण पुढे ती बाई दार उघडते. आणि बाहेर नवरा नसतोच. बाहेर जे असतं, त्यानं फक्त त्याचा आवाज शिकलेला असतो. मग शांतता. मग शेजारच्या दारावर टकटक, आणि त्या बाईच्याच आवाजात कुणीतरी म्हणतं, "उघडा ना, मी आहे." संपलं! विद्याधर कायम म्हणायचा, मराठीत असा शेवट झाला नाही. काय शेवट आहे! काय शेवट आहे! तो शेवट आता त्याच्या हातात होता, आणि समोर नलिनीकाकी.

म्हणाला, "काकी, दुसरी बाजू... खराब झालीय. टेप अडकते."

आणि कॅसेट काढून, खिशात घालून, पळाला.

इथून त्याचे ते पलीकडच्या जिन्याचे दिवस सुरू झाले. काकी गॅलरीत उभ्या असायच्या, गुणाजीकाकांच्या खुर्चीशेजारी, आणि दिसला की एकच, "टेप बरी झाली काय रे?" अगदी मायेनं, जसं कुणाच्या पोराचा ताप विचारावा! "नाही काकी, दुरुस्तीला दिलीय." दुसऱ्या दिवशी, "बरी झाली?" "भाग मिळत नाही काकी." खोटं तरी किती बोलणार? ऑफिसला उजाडायच्या आत निघायला लागला. येताना कंपनीच्या बसमधनं आरेत मध्येच उतरायचा, तबेल्यांच्या कडेनं उगाच चालत बसायचा, म्हशींकडे बघत. म्हशी काही विचारत नाहीत ना! जेवण जाईना. मला म्हणाला, "अरे, माझी एक गोष्ट कुणीतरी ऐकावी म्हणून मी इतकी वर्षं तडफडलो, आणि ऐकवली कुणाला, तर तिला! मी माणूस आहे का कोण आहे?" मी समजावलं, विसर, काकीही विसरतील. पण ऐकणार कोण?

शेवटी क्षमावहिनी कडाडल्या. "अहो, किती दिवस असे तोंड लपवणार? एक तर जाऊन खरं सांगा, नाहीतर शेवट बदला!"

झालं! वहिनी बोलायच्या भरात बोलल्या, पण विद्याधरनं शब्द धरला. शेवट बदला! का नाही? टू-इन-वनला माइक आहे, कोरी कॅसेट आहे, बायकोला तोंड आहे! दुसऱ्याच दिवशी, त्यानं रजा टाकली, वहिनींच्या शाळेला सुट्टीच होती, दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, कारण पंख्याची खरखर येते, आणि घामाच्या धारांत अंतराळाची थंडी सुरू! वारा म्हणून वहिनींनी सुपातून तांदूळ घोळवले. नवऱ्याचा आवाज दुरून यायला पाहिजे म्हणून विद्याधरनं डोकं पितळी हंड्यात घातलं. मी? मी भिंतीला... म्हणजे ऐकू येतंच ना हो!

वहिनींचं वाक्य होतं, "तुम्ही आलात? खरंच आलात?" त्या म्हणाल्या ते असं, की जणू नवरा अंतराळातनं नाही, मित्रांबरोबर उनाडून उशिरा आलाय. "तुम्ही आलात? खरंच आलात?!" विद्याधर हंड्यातनं, "अगं, प्रेमानं म्हण!" "प्रेमानंच म्हणतेय!" "थोडं रडून!" "तुम्ही हंड्यातनं बाहेर या, मग रडते!"

पण मग त्याचं बोलणं आलं. लिहून काढलं होतं त्यानं: मी सुखरूप आहे, दार उघडू नकोस, मी निरोप घ्यायला आलोय. ते म्हणून झालं. आणि नंतर तो थांबलाच नाही. हंड्यात डोकं घालून बोलतच राहिला. "तू जेवत जा गं. लोक बोलावतील तिकडं जात जा. संध्याकाळी आत कोंडून बसू नकोस, बाहेर वारा असतो. आणि मला... मला जायच्या आधी सांगायचं राहिलं. तुम्ही शेजारी बसून ऐकायचात ना, तेवढंच बरं वाटायचं. नुसतं बसायचात ना, तेवढं पुरे होतं..." 'तू'चं 'तुम्ही' कधी झालं, त्याचं त्यालाच कळलं नाही. सुपातले तांदूळ थांबले. नवरा बायकोशी बोलतोय की दुसराच कुणीतरी गुणाजीकाकांशी बोलतोय... वहिनींनी बटण बंद केलं आणि हंड्यासकट त्याला जवळ घेतलं म्हणे. हे मला नंतर कळलं. हे काही भिंतीतनं ऐकू येत नाही.

रविवारी दुपारी गेले दोघं. काकी, सुगंधा, आणि दाराशी मी. सुगंधा विद्याधरकडे बघेना. तो म्हणाला, "काकी, टेप... बरी झाली." आणि लादीच्या फटीकडे बघत बसला.

तांदळाचा वारा सुटला. "तुम्ही आलात?" वगैरे झालं. मग तो हंड्यातला आवाज. काकी ऐकतायत. पदर तोंडाला. डोळ्यांतून पाणी, आवाज नाही. सुगंधाही हळूच येऊन आईला टेकली. विद्याधरला वाटलं, सुटलो! वाचलो! आणि त्या टेपमध्ये, त्या अथांग अंतराळात, नवरा म्हणतोय, "आता मी ताऱ्यांपलीकडे निघालो..." आणि मागून, खणखणीत, आमच्या जिन्यातनं,

"बांगडेऽऽ! ताजे बांगडेऽऽ!"

संपलं. सगळं संपलं! खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, पण कोळीण? तिला कोण बंद करणार? आणि रेकॉर्ड करताना दोघांच्याही कानावर ते आलं नव्हतं, रोजचं ना!

टेप थांबली. काकींनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "झिला, अंतराळात बांगडे मिळतत काय रे?"

विद्याधरची मान इतकी खाली गेली, की मला वाटलं आता याचं कपाळ लादीला लागतंय.

"माका येडी समजलंस? तुझो आवाज मी वळखूचंय नाय? आणि ही क्षमा, ही तर रोज तुका असाच विचारता." क्षमावहिनी दाराआड सरकल्या. "आता खरो शेवट काय, ता सांग."

आणि विद्याधरनं सांगितलं. पहिल्यांदा, तुम्हाला सांगतो, त्यानं एखादी श्रुतिका आवाज न काढता सांगितली. वारा नाही, टकटक नाही. अगदी कोरडं. ती दार उघडते काकी, आणि बाहेर ते नसतातच.

काकींनी विचारलं, "पण उघडल्यान दार?"

"हो."

"उघडतलाच. कोणीय उघडतला रे. मी आसतंय तर मीय उघडलंय आसतंय. भायर कोण आसा, ता मगे बघला आसता." सुगंधा हुंदका देऊन रडली, बाप गेल्यानंतर पहिल्यांदाच तशी मोकळी रडली. काकी तिच्या पाठीवरनं हात फिरवत होत्या. विद्याधर म्हणाला, "काकी, माफ करा. काका एवढं मन लावून ऐकायचे, म्हणून मला वाटलं..."

तर काकी एकदम हसल्या! डोळ्यांत पाणी आणि हसतायत. "खयचा मन लावून! अरे, तेंका भुताची भारी भिती. तुझी टेप ऐकून इले की पाय खाटल्यावर घेवन बसायचे. भायर जावचा झाला तर माका उठवायचे, चल गो, जरा वांगडा ये. मी म्हणायचंय, मगे जातास कित्याक ऐकूक? तर म्हणायचे, पोर येकटाच बसान ऐकता, बरा दिसणा नाय."

आता विचार करा त्याचं काय झालं असेल! इतकी वर्षं एक श्रोता, एकुलता एक, ज्याच्या 'बरां हा'वर हा जगत होता... तो डोळे मिटून बसायचा तो रसिकतेनं नाही हो, भीतीनं! मांडीवर हात घट्ट धरून, जीव मुठीत घेऊन, केवळ या वेड्याला एकटं वाटू नये म्हणून! विद्याधर उठून गॅलरीत गेला आणि रिकाम्या खुर्चीशेजारी कठड्याला धरून उभा राहिला. मी गेलो जवळ. म्हणाला, "मी एकदासुद्धा विचारलं नाही रे त्यांना, काका, तुम्हाला काय ऐकायचंय? एकदासुद्धा." मला तरी त्यानं कितीदा ऐक म्हणून सांगितलं होतं. मी कुठं बसलो त्याच्याजवळ?

इथं खरं तर हे संपायला हवं होतं. पण आमच्या बिल्डिंगमध्ये काही संपत असतं का? काकींनी ती टेप ठेवून घेतली. जाताना मागितली, नाही कसं म्हणणार? पुढच्या रविवारी वनमालाबाई आल्या, त्यांचेही यजमान गेलेले. काकींनी त्यांना ऐकवली. "आयक, बराच वाटता!" मग वनमालाबाईंची बहीण आली. मग खालच्या पाटणकर आजी. सुगंधानं एक उतरवून सांताक्रूझला नेली, तिच्या सासूबाईंसाठी. बायका येतात, भिंतीला टेकून बसतात, पहिली बाजू नाही, फक्त दुसरी, रडतात, बांगडे आले की हसतात, पुन्हा रडतात आणि चहा पिऊन बऱ्या होऊन घरी जातात! आणि काकींचा हुकूम, की विद्याधरनं समोर बसायचं. गुणाजीकाका बसायचे तसं. तो बसतो. हंड्यातला स्वतःचा आवाज ऐकतो आणि कानापर्यंत लाल होतो. एकदा त्यानं धीर करून म्हटलं, "आजी, अहो, हे सगळं खोटं आहे हो. मूळ शेवट फार वेगळा आहे, फार मोठ्या तोडीचा. तो ऐकाच तुम्ही!" पण ऐकणार कोण? आजी म्हणाल्या, "असू दे रे, तो तुझा तू ऐक."

परवा सांताक्रूझहून निरोप आला, आणखी एक कॅसेट पाहिजे, आणि वर नाव लिहून द्या, म्हणजे इतर कॅसेटींत मिसळणार नाही. विद्याधर पेन घेऊन बसला. स्वतःचं नाव लिहायची लाज वाटली. त्या मूळ लिहिणाऱ्या मास्तरांचं लिहायची त्याहून लाज वाटली. गुणाजीकाकांचं लिहायला हात धजेना. पेन उचलतोय, ठेवतोय... शेवटी नुसतं लिहिलं, 'क्षमा'.

वहिनींनी वाचलं आणि काय खूश झाल्या म्हणून सांगू! म्हणाल्या, "बाई! एवढं काही नको होतं हो, माझं एकच तर वाक्य आहे!"

तो म्हणाला, "असू दे. राहू दे तसंच."